टुणटुणबाबा यांस

माझे भासरे बावीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पण माझ्या चुलीवरचं एकेक भांडं त्यांनी बाजारातून वाजवून, पसंत करून आणलेलं आहे.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे भावसून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना शिवत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. तेही बोलत नाहीत. यात भांडण काही नाही, रीत आहे. मला तर ही रीत सोयीचीच पडली, कारण मला तशीही कोणाशी बोलायची सवय नाही.

एकदा मी आणि माझी मुलगी पिंकी साकोलीच्या बाजारात त्यांच्या मागे मागे होतो, तीन दुकानं अंतर ठेवून. मला मधला गंज, म्हणजे पातेलं, पाहिजे होता, भात शिजवायला. भासऱ्यांनी दुकानातला एक गंज उचलला, बोटाच्या हाडानं टोला मारला आणि कानाजवळ धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. असे आठ-दहा गंज झाले. दुकानदार म्हणाला, "काका, यात भात शिजवाचा हाय का नाचाचं हाय?"

भासरे म्हणाले, "वाजून पाह्य, मंग बोल."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. टरबूज असो, माठ असो, कोणाच्या घरचा दरवाजा असो. सरपंचांनी नवीन दरवाजा बसवला तेव्हा सगळं गाव पाहायला गेलं होतं. यांनी दोन टोले मारले आणि म्हणाले, "आवाज खाली हाय, सरपंच. सागवान म्हणून आंबा देला तुमाले." सरपंचांनी दोन वर्षं त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात दरवाजा फुगला, मग विचारला.

त्यांचं लग्न झालं नाही तेही याच्यातच. माझ्या सासूबाई सांगायच्या. पवनीकडे मुलगी पाहायला गेले होते. पाणी आलं पितळेच्या लोट्यात. यांनी पाणी पिण्याआधी लोट्याला नख मारलं आणि चारचौघांत म्हणाले, "याले चीर हाय." मुलीचा बाप उठून उभा राहिला. "पाव्हणे, आमच्या घरी पहिलाच पाय आन भांड्याले नाव ठेवता?" बैठक मोडली. सासूबाई म्हणायच्या, "अन लोटा गळतच होता वो. माझं लुगडं ओलं झालं होतं."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. पिंकी म्हणते, आई, लिहायला काय हरकत आहे, तोंडानं कुठं घेतेस? पण हातसुद्धा माझाच आहे. गावात त्यांना टुणटुणबाबा म्हणतात, ते लिहिते.

टुणटुणबाबा हे नाव त्यांच्या तुणतुण्यावरून पडलं. घरात शिरताना पुरुष माणूस खोकतो, म्हणजे बाईला पदर घ्यायला वेळ मिळतो. आमचे भासरे खोकत नाहीत. फाटकाजवळ खुंटीला तुणतुणं टांगलेलं आहे, त्याची तार एकदा छेडतात. टुंग. मी पदर घेते. मग आत येतात.

आत मी चुलीजवळ, ते अंगणात बाजेवर. चहा झाला की मी गंजावर पळीनं एक टोला मारते. जेवण झालं की दोन. कोणी पाहुणा येऊन गेला असेल तर तीन. त्यांनी तुणतुण्यावर एकदा टुंग केलं की हो, दोनदा केलं की नको. कसं सुरू झालं ते आठवत नाही. पण एकदा मी गंजाऐवजी घाईत कढईवर पळी मारली, तर अंगणातून आवाज आला, "पिंके, आज कढई बोलून राहिली. गंजाले का झालं, इचार."

त्याहून मोठं काही बोलायचं असलं तर मधे माणूस लागायचं. आधी सासूबाई होत्या. मग माझे मालक होते, ते चिखल्याला ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. सासूबाई गेल्या, मग चार वर्षांमागे मालकही गेले. मग लहानपणापासून मधे असलेली पिंकी एकटीच राहिली. "पिंके, तुह्या मायले सांग, बांधीतलं पाणी काढलं." बांधी म्हणजे धानाचं शेत. मी चार हातांवर ऐकतच असायची. तरी पिंकी मान वळवून सांगायची, "आई, बाबा म्हणतात बांधीतलं पाणी काढलं." मी म्हणायची, "बरं म्हणाव." पिंकी म्हणायची, "बरं म्हणते." पिंकीचा यात लहानपणीच जीव थकला होता.

आता वाद्यांचं. भासऱ्यांकडे अशी वाद्यं आहेत जी कोणी वाजवत नाही. चिकारा आहे, सारंगीसारखा, पण लहान आणि रडका. डहाका आहे, म्हणजे डमरूचा मोठा भाऊ. म्हशीचं शिंग आहे. जंगलात चरायला जाणाऱ्या ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा आहेत. आंब्याची कोय घासून केलेल्या पिपाण्या आहेत, त्या दरवर्षी नवीन कराव्या लागतात. कोणी म्हातारा वारला आणि पोरं घर साफ करायला लागली की हे तिथे हजर. "ते फेकू नोका जी. मले द्या."

एका गुरुजींनी त्यांचा चिकारा बाजारात ऐकला आणि आपल्या शाळेत बोलावलं. तिथून सुरू झालं. आज एकोडीची शाळा, उद्या दुसऱ्या गावची. जुन्या लुनावर मागे-पुढे पिशव्या बांधून जायचे. पिशव्या माझ्या जुन्या लुगड्यांच्या आहेत. भासरा भावसुनेच्या लुगड्याला हात लावत नाही, म्हणून मीच त्या शिवून दिल्या. पिशवी झाली की ते लुगडं राहत नाही, असं त्यांनी पिंकीकडून कळवलं होतं.

शाळेतून परत आले की तुणतुणं टुंग. मग बाजेवर बसून सगळा कार्यक्रम पिंकीला सांगायचे. मोठ्यानं. पिंकी समोरच बसलेली असायची, तरी मोठ्यानं.

"पिंके, आज एका पोट्ट्यानं चिकारा उलटापालटा करून पाह्यला अन म्हने, बाबा, याचं चार्जिंग कुठून होते? मी म्हनलं, मी भात खाल्ला का याचं चार्जिंग होते."

"पिंके, आज शिंग फुकलं तं मांगं बसलेले गुरुजी झोपेतून उठून 'हजर' म्हनाले."

"आज एक पोरगी डहाक्याजवळ आली नाही. भेते म्हने. मी म्हनलं, तू दुरून हात लाव. तिनं दुरूनच हात केला, मी टोला मारला. तिले वाटलं तिनंच वाजवला. मंग काय! सोडेचना."

पिंकी हुं हुं करायची, तिचं डोकं पुस्तकात. मी भाकरी-भात सोडून दाराआड उभी राहून हसायची. हसू बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात. एवढी मोठी शाळा मी कधी शिकले नाही, चौथीत बसले तेवढीच. पण साकोली तालुक्यातल्या किती शाळांत मी अशी दाराआडून जाऊन आले.

फक्त आमच्या गावच्या शाळेत ते कधी गेले नाहीत. मी त्याच शाळेत पोषण आहार शिजवते. जुने गुरुजी दरवर्षी बोलवायचे. हे म्हणायचे, "गावात नोको जी. दुसरीकडं सांगा." गावाला वाटायचं, यांना तोरा आला. मलाही थोडं तसंच वाटायचं.

मागच्या वर्षी पिंकी नर्सिंगला भंडाऱ्याला गेली. वसतिगृहात राहते. ती गेल्यावर पहिल्या कार्यक्रमाहून भासरे आले. टुंग झालं. मी पदर घेतला, चहाचा टोला मारला. ते बाजेवर बसले आणि सवयीनं मोठ्यानं बोलायला लागले, "आज का झालं का..." समोर कोणी नव्हतं. बकरी होती, तिच्याकडे पाहून सांगायला लागले.

कुंपणापलीकडून शेजारच्या जनाबाईंनी मान वर काढली. "कोनाले सांगून राहिले जी, भाऊ? पिंकी तं भंडाऱ्याले गेली. घरात तं आता..." एवढं म्हणाल्या आणि हसल्या. जनाबाई वाईट नाहीत. त्यांना फक्त समोर आलेलं बोलल्याशिवाय राहवत नाही.

भासऱ्यांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली. चहा घेतला, कप ओट्याच्या कडेला ठेवला आणि बांधीकडे निघून गेले.

त्यानंतर ते कुठल्याच शाळेत गेले नाहीत. फोन यायचे. "हवा ओली हाय, गुरुजी, कातडं उतरते." मग दिवाळी झाली, हवा कोरडी ठणठणीत झाली, तरी त्यांची हवा ओलीच. पिंकी रविवारी फोन करायची, "बाबा, मला फोनवर सांगा ना." ते म्हणायचे, "फोनात बोलनं म्हंजे डब्यात बोलनं. जेवली का?" की झालं. पिशव्या भिंतीला लटकलेल्या. एकीला उंदरानं भोक पाडलं, ते मी ठिगळ लावून बुजवलं, आणि परत तिथेच लटकवली.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण एका बाजारच्या दिवशी त्यांनी गंजावरचं झाकण आणलं आणि ओट्यावर ठेवलं. मी ते गंजावर ठेवलं तर आवाज आला भद्द. मडक्यावर माती टाकल्यासारखा. मी उचलून पाहिलं, कडेला बारीक चीर होती. बावीस वर्षांत हे पहिलं भांडं त्यांनी न वाजवता आणलं होतं. त्या दिवशी मला भीती वाटली. माणूस आजारी पडण्याआधी जेवण सोडतो, तसं यांनी वाजवणं सोडलं होतं.

शाळेत नवीन मॅडम आल्या होत्या. मुलांना वाढण्याआधी त्या खिचडीची चव घेतात आणि वहीत सही करतात. तेवढ्या वेळेत सांगायचं असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मॅडम," आणि त्या म्हणाल्या, "काय हो?" मी म्हणाले, "मीठ बरोबर आहे ना?" असे आठ दिवस मीठ बरोबर होतं. नवव्या दिवशी मॅडमच म्हणाल्या, "ताई, मिठाचं सोडा. काय सांगायचं आहे?"

मी खाली पाहून सगळं सांगितलं. वाद्यं आहेत, शाळांमधे जायचे, आता जात नाहीत, तुम्ही पत्र पाठवलं तर कदाचित येतील.

मॅडमनी लगेच कागद घेतला. "नाव काय त्यांचं?"

मी खिचडी ढवळायला लागले.

"अहो, तुमचे कोण लागतात?"

"भासरे."

"हो, पण नाव?"

मी पळीकडे पाहत राहिले. मॅडम नागपूर शहरातल्या, त्यांना वाटलं मला नाव माहीतच नाही. रांगेत ताटल्या घेऊन उभी असलेली पोरं ओरडली, "टुणटुणबाबा, मॅडम! टुणटुणबाबा!" मॅडमनी तेच लिहिलं. शाळेचा शिक्का मारला. 'श्री. टुणटुणबाबा यांस, सप्रेम नमस्कार.'

पत्र घेऊन शाळेतल्या दोन पोरी संध्याकाळी घरी आल्या. मी चुलीजवळ होते. भासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे नाव कोनी सांगलं मॅडमले?"

"आम्ही," पोरी म्हणाल्या. "आहारवाल्या बाईले इचारलं होतं. त्याईनं सांगलंच नाही."

"आहारवाल्या बाईले काहून इचारलं?"

"त्याईनंच तं म्हनलं, तुमाले बोलवा म्हनून."

मला वाटलं चुलीत शिरून बसावं. पोरी म्हणाल्या, "बाबा, का सांगू मॅडमले?"

भासरे उठले, फाटकाजवळ गेले. टुंग. एकदाच.

पोरींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे?"

"म्हंजे येतो म्हनाव."

शनिवारी कार्यक्रम होता. आमच्या शाळेत आहाराची खोली एका बाजूला आहे, तिच्या दारासमोरच व्हरांडा. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, आहाराच्या खोलीकडे तोंड करून. म्हणजे कार्यक्रम करणाऱ्याला समोर माझी चूलच दिसणार. मी सकाळीच मनाशी ठरवलं होतं की दार लावून आत बसायचं. त्या दिवशी सिलेंडर संपलेलं, लाकडाची चूल, धूर खूप. पण तासाभराचा तर प्रश्न.

भासरे आले. पिशव्या उतरवल्या. टेबलाकडे पाहिलं, आहाराच्या खोलीकडे पाहिलं, आणि टेबल स्वतः उचलून अंगणात आणलं. आहाराच्या खोलीकडे पाठ केली. मुलांना व्हरांड्याच्या सावलीत बसवलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तिकडून ऊन तोंडावर येतं. इकडे तोंड करून बसा ना."

"ऊन चालते," ते म्हणाले.

तास-दीड तास त्यांनी डोळे बारीक करून, घाम पुसत कार्यक्रम केला. पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी आधी दार किलकिलं केलं. मग पूर्ण उघडलं. मग उंबरठ्यावर येऊन बसले, पदर खांद्यावर. धूर माझ्या मागून निघून जात होता. गावच्या शाळेत इतकी वर्षं ते का आले नाहीत, ते मला तिथे बसल्यावर कळलं. तोरा नव्हता. त्यांना ठाऊक होतं की ते इथे वाजवायला बसले तर मी आत कोंडून बसेन.

पहिल्यांदाच मी ते डोळ्यांनी पाहत होते. चिकारा रडला तेव्हा पहिलीची पोरं हसली. शिंग फुंकलं तेव्हा शाळेमागचे कुत्रे भुंकले. त्यांनी पोरांना डोळे मिटायला सांगितलं आणि लाकडी घंटा एकेक हलवली. "सांगा, कोनतं ढोर पुढं आहे अन कोनतं मांगं राहिलं?" चौथीतला एक पोरगा म्हणाला, "मांगचं लंगडते, बाबा." भासऱ्यांनी घंटा खाली ठेवून त्याला नमस्कार केला. घंटा त्यांनी खरंच लंगडी वाजवली होती.

सगळं झालं असं वाटलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. "आता शेवटचं वाद्य. आहाराच्या खोलीतून एक गंज आना. मोठा नोको, मधला. अन पळी."

दोन पोरी धावत आल्या. माझ्या हातातून गंज घेऊन गेल्या. भासऱ्यांनी तो टेबलावर ठेवला.

"हे कोनतं वाद्य होय?"

"गंज!" सगळी शाळा हसली.

"वाजून पाह्य, मंग बोल." त्यांनी एक टोला मारला. "हे म्हंजे चहा झाला." दोन टोले. "हे म्हंजे जेवन झालं." तीन. "पाहुना येऊन गेला. हे वाद्य आमच्या घरी वाजते. बावीस वर्षं झाली. दुसरीकडं कुठं आयकाले भेटनार नाही."

मग त्यांनी पोरांना वाजवायला लावलं. एक टोला, की शाळा ओरडायची, "चहा!" दोन, "जेवण!" मॅडमनीही वाजवलं. एका लहान पोरीनं विचारलं, "बाबा, याच्यात गोष्ट सांगता येते का?"

"नाही वो. गोष्टीले मधात मानूस लागते."

"अन मानूस नसन तं?"

त्यांनी गंजाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तं गोष्ट पोटातच राह्यते. 'आज का झालं, सांगा' असं या गंजावर वाजवाले अजून कोनी शिकलं नाही."

पोरं हसली. मी उंबरठ्यावरून उठले आणि आत गेले. खिचडी खाली लागत होती.

संध्याकाळी मी आधी घरी आले. चहा ठेवला. मागून लुना आली. टुंग. मी पदर घेतला. ते बाजेवर बसले. मी पळी उचलली, एक टोला मारला. चहा झाला. मग मी थांबले. ते चिरलेलं झाकण गंजावर होतं. मी पळीनं गंजाच्या कडेवरून हळू हळू एक पूर्ण फेरा घेतला, आणि झाकण दोनदा वाजवलं. भद्द, भद्द. असं मी आधी कधी वाजवलं नव्हतं.

मला वाटलं, चुकलं. मग बाजेचा आवाज आला. त्यांनी बकरीची दोरी ओढून तिला जवळ घेतलं.

"ऐक वो," ते बकरीला म्हणाले. मोठ्यानं. "आज गावच्या शाळेत गेलो होतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी मागे बसून पाहिलेलं सगळं, पहिल्यापासून. शिंग, कुत्रे, लंगडं ढोर. कुत्रे तीनच होते, त्यांनी सात केले. "खिचडीत मीठ कमी होतं," असंही सांगितलं. खरं होतं. त्या दिवशी माझं चुलीकडे लक्ष नव्हतं.

गोष्ट गंजापर्यंत आली, तेवढ्यात कुंपणावर जनाबाईंची मान आली. "कोनाले सांगून राहिले जी, भाऊ?"

भासरे थांबले. मी पदर सारखा केला, दारात आले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"बकरीले सांगून राहिले, मावशी. आयकू द्या तिले."

जनाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग मान खाली गेली. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बकरीच्या पाठीवर हात ठेवला.

"कुठं होतो मी?" ते तिला म्हणाले. "हां. गंज."